धुळीचा दर

हिवरखांबच्या शहादेवला गाडीचं वजन सांगायला वजनकाटा लागत नसे. टिप्पर समोर आला की तो आधी चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे बघायचा. पाट्यांना बाक असेल तर गाडी रिकामी, पाटे सरळ झाले असतील तर भरलेली, आणि उलटे वाकून कुरकुरत असतील तर ड्रायव्हर खोटं बोलतोय. हे शास्त्र तो कुठल्या शाळेत शिकला नव्हता. मजूर सोसायटीत बत्तीस वर्षं रस्त्यांची कामं केलेला माणूस. रस्ता कशानं मरतो हे त्याला नाही कळणार तर काय मंत्रालयातल्या साहेबाला?

त्याचं सगळं आयुष्य एका रस्त्याच्या कडेनं गेलं म्हटलं तरी चालेल. बहात्तरच्या दुष्काळात डोंगरापासून हायवेपर्यंतचा हा रस्ता निघाला, तेव्हा त्याची आई त्यावर खडी फोडत होती. पुढे बौद्ध वस्तीतल्या काही घरांनी आणि चार धनगर घरांनी मिळून मजूर सोसायटी काढली. शहादेव बाविसाव्या वर्षी सभासद झाला. सोसायटीच्या माणसांना घरांसाठी जागा मिळाली तीही याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना, कारण ती दुसरं कुणी मागत नव्हतं. मागे डोंगराचा खडक, पुढे रस्ता, मधे वीस पावलांची पट्टी. तरी तेव्हा केवढं अप्रूप होतं त्याचं! एसटी दारात थांबायची. मुक्ताबाई नवी नवरी म्हणून आली ती घराच्या दारातच एसटीतून उतरली, आणि ही गोष्ट ती पुढे वस्तीतल्या प्रत्येक नव्या सुनेला ऐकवत राहिली.

मग हायवे रुंद करायचं काम निघालं आणि डोंगरात खडीचा क्रशर बसला. क्रशरपासून हायवेला जायला दोनच वाटा. एक जवळची, हिवरखांबच्या वस्तीतून. दुसरी लिंबखेड्यावरून, नऊ किलोमीटरच्या वळशाची. टिप्पर अर्थातच जवळून जाऊ लागले. दिवसाला ऐंशी-नव्वद खेपा. दोन महिन्यांत डांबर उखडलं, चार महिन्यांत खालची खडी वर आली, आणि मग उरली ती नुसती पिठासारखी धूळ. पाऊस झाला असता तर ती बसली असती. पण पंधरा साली पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली. गावाला एक टँकर, घरामागे चार घागरी. रस्त्यावर पाणी मारा असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

मुक्ताबाईला दमा लागला. केजच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, फोटो काढला आणि सांगितलं, यांना धुळीपासून लांब ठेवा. शहादेवनं विचारलं, किती लांब? डॉक्टरला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. शहादेव खरंच विचारत होता. त्याच्या दारापासून रस्ता सहा पावलांवर होता आणि मागच्या भिंतीला डोंगर टेकला होता.

त्यानं अर्ज केले. अर्जांची पोहोच मिळाली, ती त्यानं खुंटीला टांगलेल्या पिशवीत जपून ठेवली. मग त्याचं डोकं फिरायला लागलं. खडीचा पैसा क्रशरवाल्याला, हायवे सरकारला, भाडं ड्रायव्हरला, आणि धूळ मुक्ताबाईला, ही वाटणी त्याला काही केल्या पटेना. रस्त्यानं जाणारा जे नासवतो त्याचा मोबदला त्यानं का देऊ नये?

हे त्यानं सोसायटीच्या बैठकीत मांडलं. सोसायटी तेव्हा नावापुरती उरली होती. कामं ठेकेदारांनी पळवली होती, शहादेव धरून सात संचालक महिन्यातून एकदा समाजमंदिरात बसून चहा पीत. पण गावातला रस्ता राखायचं काम ग्रामपंचायतीनं ठराव करून सोसायटीकडेच दिलेलं होतं, आणि शहादेवनं तेवढंच धरलं.

"रस्ता फुकट हाय म्हनून बेफाम चालवत्यात," तो म्हणाला. "आमच्या छातीचं भाडं कुनी द्यायचं? दर लावा, मंग बगा ताडपत्र्या कशा बांधत्यात."

या सोसायटीची एक जुनी रीत होती. पूर्वी एकदा चार विरुद्ध तीन मतांनी एक काम घेतलं आणि नाराज तिघे कामावरच आले नाहीत. सोसायटी मोडता मोडता वाचली. तेव्हापासून हात वर करणं बंद. मधे एक घमेलं ठेवायचं आणि ज्याला ठराव मान्य त्यानं त्यात एक खडा टाकायचा. सात खडे पडले तरच ठराव झाला. सहा पडले तर घमेलं पालथं घालायचं आणि त्या विषयावर कुणी कुणाला बोल लावायचा नाही. त्या दिवशी सात खडे पडले. चेअरमन राधाकिशन, धनगरांपैकी, शहादेवपेक्षा चार वर्षांनी मोठा, हसून म्हणाला की सोसायटीला म्हातारपणी चांगला धंदा सापडला.

नाका वस्तीच्या शेवटच्या टोकाला बसला. दोन खांब, मधे जाड दोर, आणि शेजारी पत्र्याखाली शहादेव. दर त्यानंच ठरवला, आणि तो गाडीवर नव्हता, गाडी काय करते यावर होता. पाटे सरळ असतील तर एक दर, उलटे वाकले असतील तर दुप्पट. ताडपत्री बांधली असेल तर निम्मा. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला आलात तर पुन्हा दुप्पट. राहता राहिला वेग, तो कसा मोजायचा? त्याची तोड मुक्ताबाईनं काढली. तिचं घर वस्तीच्या सुरुवातीला. तिनं ओट्यावर एक स्टीलची ताटली पुसून ठेवायची, टिप्पर गेला की तिच्यावर बोट फिरवायचं. रेघ उमटली तर तिनं लाल फडकं वर धरायचं. नाक्यावरून शहादेवला ते दिसायचं आणि ड्रायव्हरच्या पावतीत भर पडायची. ड्रायव्हर लोक पहिले चार दिवस भांडले. "म्हातारीच्या बोटावर माझी पावती फाटती व्हय?" असं बंकट नावाच्या केजच्या ड्रायव्हरनं विचारलं, आणि पुढच्या खेपेला तोच सर्वांत हळू आला.

कायद्यात हे बसत होतं का? कुणी विचारलं नाही. क्रशरच्या मालकाला वळशापेक्षा हा दर स्वस्त पडत होता, म्हणून तोही गप्प. महिन्याभरात गावानं ताडपत्री बांधलेले टिप्पर पाहिले. शाळेच्या वेळेला रस्ता मोकळा राहू लागला. नाक्याच्या पैशातून सोसायटीनं गावाला दुसरा टँकर लावला आणि चार घागरींच्या आठ झाल्या. नाक्यावरच्या भांडणांपायी ज्या बायका शहादेवच्या नावानं बोटं मोडायच्या त्या आता त्याला चहा पाठवू लागल्या. शहादेवला एवढं कौतुक आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. तो जरा फुगला, हे कबूल करायला हवं.

धूळ कमी झाली, पण संपली नव्हती. मुक्ताबाई दिवसा बरी असायची आणि संध्याकाळी पुन्हा धाप लागायची. म्हणून शहादेवनं दर वाढवायचं काढलं. आणि गंमत बघा, सोसायटीनंही लगेच मान डोलावली. सोसायटीला वाटलं, दर वाढला की पैसा वाढेल, तिसरा टँकर येईल. शहादेवला वाटलं, दर वाढला की धूळ घटेल. सात खडे एका घमेल्यात पडले, पण सहा एका आशेनं आणि एक दुसऱ्याच. कुणी कुणाला विचारलं नाही. शहादेवला पाटे वाचता येत होते. डिझेलचा हिशेब क्रशरच्या मुनीमाला येत होता. आठ दिवसांत टिप्पर लिंबखेड्याच्या वळशानं जायला लागले. एकूण एक.

नवव्या दिवशी वस्तीत इतकी शांतता होती की कोंबड्या रस्त्याच्या मधोमध बसल्या. मुक्ताबाई दुपारी ओट्यावर आडवी झाली आणि चांगली दोन तास झोपली. शहादेव तिच्या उशाशी बसून नुसता तिचा श्वास ऐकत होता. त्यात शिट्टी नव्हती, खरखर नव्हती. तीस वर्षांच्या संसारात बायकोच्या श्वासाकडे एवढं लक्ष द्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. 

महिना संपला आणि दुसरा टँकर बंद झाला. पैसे येणार कुठून? आठाच्या पुन्हा चार घागरी. चहा यायचा थांबला. नळकोंडाळ्यापाशी बायका काय बोलतात ते शहादेव गेला की थांबायचं, म्हणजे काय बोलतात ते त्याला कळायचं.

त्याच आठवड्यात लेक आली. जाई, एकुलती एक, लिंबखेड्याला दिलेली. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. आली ती नेहमीसारखी हसत आली, आईचा चेहरा बघून खूश झाली. मुलीला शहादेवच्या मांडीवर दिलं आणि शहादेवनं तिला छातीशी धरलं. मग त्यानं कान लावला. लेकराच्या छातीत शिट्टी वाजत होती. बारीक होती, पण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

"महिना झाला असंच करती," जाई म्हणाली. "टिप्पर आमच्या दारावरनं जात्यात आता. तुमच्याकडं बंद झाले म्हनं, आबा. बरं झालं, आईला आराम पडला."

तिच्या बोलण्यात कुठेही टोचणी नव्हती. तेच शहादेवला सोसवेना. टिप्पर गेले एवढंच त्यानं धरलं होतं. गेलेला टिप्पर कुठून तरी जातोच, हे बत्तीस वर्षं रस्ते बांधलेल्या माणसाला सुचू नये? लिंबखेड्याचा रस्ता त्याला पाठ होता. जाईचं घर तिथे कुठल्या वळणावर आहे तेही पाठ होतं. सोयरीक ठरवायला तोच तर गेला होता, आणि घर रस्त्याला लागून आहे हे बघून खूश होऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी लेकीला पोहोचवायच्या निमित्तानं तो जीपनं लिंबखेड्याला गेला. जाईच्या ओट्यावर तो तासभर बसला. टिप्परमागून टिप्पर. एकालाही ताडपत्री नाही. पाटे उलटे वाकलेले, चाकं खड्ड्यात आपटतायत, मागे घर दिसत नाही एवढी धूळ. त्याच्या गावात शिकलेली सगळी शिस्त ड्रायव्हरांनी हिवरखांबच्या शिवेवर उतरवून ठेवली होती. एक टिप्पर थांबला. बंकट होता. खाली उतरून त्यानं जयभीम घातला.

"मामा, तुमी लई सुधारलं व्हतं आमाला," तो म्हणाला. "पर हितं कोन इचारतंय?"

जाईचा सासरा ज्ञानोबा साधा माणूस. त्यानं व्याह्याला पाणी दिलं, पेल्यात अर्धंच, कारण त्यांच्या गावाला तर एकच टँकर आणि तोही एक दिवसाआड. मग म्हणाला, पाव्हणं, आमच्याबी गावाला तुमचा नाका बसवून द्या, तुमाला त्यातलं सगळं कळतं. शहादेवनं नुसती मान हलवली. इथे नाका बसवला आणि तोच दर लावला, तर मुनीम पुन्हा डिझेलचा हिशेब मांडणार आणि टिप्पर जवळच्या वाटेनं परत येणार. जवळची वाट म्हणजे मुक्ताबाईचा ओटा. तिसरी वाट? डोंगर आणि कोरडा तलाव यांच्यामधून तिसरी वाट काढायची तर आणखी एक बहात्तर लागलं असतं.

तिथून तो तसाच क्रशरवर गेला. मालकाला भेटायला मिळालं हेच नवल. मालक काही राक्षस नव्हता. तो पंख्याखाली बसून ताक पीत होता आणि त्यानं शहादेवलाही ताक देवविलं. शहादेवनं विनवलं की रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारा, पैसे आम्ही दरातून वळते करू. मालक म्हणाला, काका, तुमच्या गावच्या बायका घागरीसाठी भांडतायत आणि मी रस्त्यावर टँकर ओतू? लोक मला दगडं मारतील. आणि ते खरं होतं. शहादेव स्वतः पहिला दगड उचलणाऱ्यांतला होता.

घरी येताना जीपमध्ये त्याला कुणी काही विचारलं तरी ऐकू येत नव्हतं. धुळीला दोनच वाटा, एक बायकोच्या छातीत आणि एक नातीच्या. आणि दोर त्याच्या हातात. असा दोर हातात असण्यापेक्षा गळ्यात असलेला बरा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि मग त्याला स्वतःचीच भीती वाटली.

रविवारी सोसायटीची बैठक होती. विषय एकच, दर पहिल्यासारखा खाली आणायचा. टिप्पर परत येतील, पैसा येईल, दुसरा टँकर सुरू होईल. सहा जणांचं आधीच ठरलं होतं. प्रश्न सातव्या खड्याचा होता.

आठवडाभर शहादेवनं मुक्ताबाईला विषय काढू दिला नाही. तिनं काढला की तो शेळीचं काही तरी बोलायचा, कौलं सारखी करायला चढायचा. तिला विचारलं असतं तर ती काय म्हणेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं विचारलं नाही. तिच्या तोंडून ते ऐकलं असतं तर मग त्याला पळायला जागाच उरली नसती.

रविवारी समाजमंदिरात घमेलं मधे ठेवलं गेलं. सहा खडे पडले, एकामागून एक.  कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. या लोकांना मुक्ताबाईचा दमा माहीत नव्हता असं थोडंच आहे? तिची धाप लागली तेव्हा यांच्याच बायका धावल्या होत्या. पण त्यांच्या घरात पाण्यावाचून आंघोळी बंद होत्या, गुरं विकायला काढली होती. दोष कुणाला द्यायचा?

राधाकिशन हळू बोलला. "शहादेव, तुज्या खड्याबिगर हे व्हायचं न्हाई, आन आमी जबरदस्ती करनार न्हाई. तू न्हाई म्हनला तर मी घमेलं पालथं घालतो. कुनी तुला बोल लावनार न्हाई."

बोल लावला असता तर बरं झालं असतं. भांडला असता शहादेव, उठून निघून गेला असता. या भल्या माणसांनी त्याला दार उघडं ठेवलं होतं आणि त्यातून बाहेर पडायची सोय नव्हती. त्याच्या मुठीत खडा घामानं ओला झाला. त्याला लेकराच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती आणि त्याच वेळी दुपारी झोपलेल्या मुक्ताबाईचा स्वच्छ श्वासही ऐकू येत होता. त्यानं अटी घातल्या: ताडपत्रीची सवलत राहील, शाळेच्या वेळेचा दुप्पट दर राहील, पाटे वाकलेले दिसले की माफी नाही. सगळ्यांनी घाईघाईनं हो म्हटलं. आणखी काही अट सुचते का म्हणून तो थोडा वेळ बसला. सुचली नाही. मग त्यानं खडा टाकला.

घरी गेल्यावर त्यानं काही सांगितलं नाही.  मुक्ताबाईनं भाकरी वाढली आणि दोघं जेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी टिप्पर परत आले. पहिला आला तो हळू, ताडपत्री बांधून, अगदी शहाण्यासारखा. तरी धूळ उठलीच. तेवढ्या वजनाखाली ती उठणारच. मुक्ताबाई ओट्यावर जोंधळे निवडत होती. तिनं पदर नाकाला लावला. दुसरा गेला, तिसरा गेला, आणि मग तिला खोकल्याची उबळ आली. सूप बाजूला सरकलं. शहादेव नाक्यावरून धावत आला, तिची पाठ चोळत बसला. उबळ थांबायला बराच वेळ लागला.

"चल," तो म्हणाला. "जाईकडं सोडून येतो तुला. दोन-तीन महिने ऱ्हा तिकडं. तिकडं आता धूळ न्हाई."

मुक्ताबाईनं मान हलवली. बोलायला तिला दम जमवावा लागला. "तिच्या घरी एका दिवसाआड दोन घागरी येत्यात. त्यात माझं तोंड कुठं घालू? आन लेकीच्या सासरी जाऊन ऱ्हायचं, ते बी उन्हाळ्यात."

 नाक्यावर टिप्परनं हॉर्न दिला, एकदा, मग पुन्हा.

"आवो," ती म्हणाली, "तिच्याकडचे सगळेच बंद झाले ना? का एखांदा जातो अजून?"

"सगळे बंद झाले."

"नक्की?"

"बंकट सांगत व्हता. एकबी जात न्हाई."

तिनं डोळे मिटले आणि ती भिंतीला टेकली. तिच्या छातीतली खरखर सहा पावलांवरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेली असती. मग तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मंग जावा की," ती म्हणाली. "गाडी खोळंबली."

शहादेव उठला, नाक्यावर गेला, आणि त्यानं पैसे घेतले.